कादंबरीला आलेलं उत्तर

जळकोटहून सोलापूरच्या दिशेनं निघालात की थोड्याच वेळात नळदुर्ग येतो. हैदराबाद–सोलापूर हमरस्त्यावरचे ट्रक, एसट्या, जीपगाड्या त्या किल्ल्याच्या शेजारून भरधाव निघून जातात. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळायला लागले की मात्र गर्दी उसळते, फोटो निघतात, गरमागरम भजी संपतात. त्या गर्दीतल्या कितीजणांना ठाऊक असेल, की या मुलखाचा कारभार एकेकाळी एका कादंबरीकाराच्या हाती होता? आणि तोही असा, की ज्याची कादंबरी पुरती छापून होईपर्यंत खुद्द इंग्लंडच्या राणीला धीर धरवला नव्हता!

त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर. जन्म 1808, लिव्हरपूल. पोरवयातच हा मुलगा मुंबईला आला, कारण तिथल्या एका व्यापाऱ्यानं त्याला पुढं भागीदारी देण्याचं आश्वासन दिलं होतं. येऊन बघतो तर पेढीचीच अवस्था डळमळीत. मग ओळखीपाळखीनं 1824 मध्ये त्याला नोकरी मिळाली ती निजामाच्या फौजेत. कंपनी सरकारची नव्हे, हे लक्षात ठेवा. त्यामुळं कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पंगतीत तो जन्मभर थोडा बाहेरचाच राहिला. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला हा माणूस स्वतःच्या हिमतीवर भाषा शिकला, जमीन मोजायला शिकला, कायदा शिकला, तळी-रस्ते बांधायला शिकला. आणि कादंबरी लिहायलाही, तीही अशीच, स्वतःची स्वतः.

1853 मध्ये निजामाकडं फौजेच्या खर्चाची बाकी थकली. इंग्रजांनी त्या बदल्यात वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला हा नळदुर्ग-धाराशिवचा पश्चिम पट्टा स्वतःच्या कारभाराखाली घेतला. नळदुर्ग जिल्हा टेलरकडं आला. 1857 च्या धामधुमीत त्याची वऱ्हाडात रवानगी होईपर्यंत तो इथंच होता. पुढं 1860 मध्ये हा पट्टा निजामाला परत मिळाला. म्हणजे जळकोटच्या आसपासची गावं जेमतेम सात वर्षं इंग्रजी अमलात होती, आणि नेमकी त्याच काळात इथं एक कादंबरीकार अधिकारी म्हणून येऊन बसला. योगायोग म्हणायचा तो किती!

आता राणीचा किस्सा. टेलरची पहिली कादंबरी 1839 साली लंडनमध्ये तीन खंडांत निघाली. ठगाचा कबुलीजबाब हाच तिचा विषय आणि हेच तिचं नाव. अमीर अली नावाचा ठग कैदेत बसून एका साहेबाला आपली हकीकत सांगतो. कुठल्या वाटसरूशी कशी मैत्री केली, कुठं रुमाल आवळला, कुठं पुरलं. साहेब मधूनमधून प्रश्न विचारतो, अमीर अली उत्तर देतो. ही युक्ती बारकाईनं पाहा. वाचक आपोआप साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसतो. खुनी माणूस थेट आपल्याशी बोलतोय, अदबीनं, जराही न शरमता, आणि आपण "पुढं काय झालं?" म्हणून विचारतोय! अंगावर काटा येतो तो खुनांमुळं कमी, आपल्याच उत्सुकतेमुळं जास्त.

व्हिक्टोरिया राणी तेव्हा विशीतली पोर. त्या काळी पुस्तक छापायचं म्हणजे मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापायची, तो फर्मा घडी घालून कापायचा, सगळे फर्मे जमले की शिवायचे आणि मग बांधणी. राणीला एवढा दम कुठला! फर्मे जसजसे तपासून होतील तसतसे माझ्याकडं धाडत जा, असा तिचा निरोप प्रकाशकाकडं गेला. पुस्तक अजून पुस्तक झालेलं नाही आणि वाचकाचा तगादा सुरू! टेलरनं आपल्या आत्मचरित्रात ही गोष्ट नोंदवली आहे, आणि नोंदवताना त्याची कॉलर किती ताठ झाली असेल ते आपण ओळखू शकतो.

पण राणी ही एकदाची गोष्ट. टेलरचा वर्षानुवर्षांचा पत्रसोबती वेगळाच होता, नात्यानं त्याचा भाऊ लागणारा हेन्री रीव्ह. हा लंडनमध्ये वृत्तपत्रांच्या आणि सरकार-दरबाराच्या वर्तुळात वावरणारा, 1855 पासून 'एडिंबरा रिव्ह्यू' या बड्या नियतकालिकाचा संपादक. दख्खनच्या एका कोपऱ्यातून टेलर त्याला लिहायचा: इथं काय चाललंय, मी काय करतोय. ही पत्रं 1947 मध्ये पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाली. वाचताना सतत एक गोष्ट मनात राहते, ती म्हणजे अंतर. सुएझमार्गे, म्हणजे आगबोट, मग मिसरातला खुष्कीचा पट्टा, मग पुन्हा आगबोट, असं पत्र विलायतेला पोचायला महिना-दीड महिना. उत्तर यायला पुन्हा तेवढाच. पेरणीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येणार ते पीक पोटऱ्यात आल्यावर! अशा पत्रव्यवहारात "कसे आहात, मजेत ना?" लिहून भागत नाही. माणूस पानंच्या पानं विचार करून लिहितो, कारण पुढची संधी केव्हा ते ठाऊक नसतं.

देशातल्या देशात मात्र याच दिवसांत एक नवल घडलं होतं. टेलर नळदुर्गात असताना, 1854 मध्ये, हिंदुस्थानच्या टपालाचा नवा कायदा झाला. तोवर पत्राचं मोल मैलांवर ठरायचं. जितकं लांब तितके पैसे जास्त. आता ब्रिटिश हिंदुस्थानात कुठूनही कुठंही, पाव तोळ्याच्या पत्राला सरसकट अर्धा आणा. शेजारच्या गावाला अर्धा आणा आणि कलकत्त्यालाही अर्धाच आणा! सामान्य वाचकानं अनोळखी लेखकाला पत्र लिहावं, ही चैन परवडू लागली ती इथून.

मग टेलर निवृत्त होऊन मायदेशी गेला आणि तिथं त्यानं 'तारा' लिहिली. साल 1863. नायिका कोण? तुळजापूरच्या एका शास्त्रीबुवांची बालविधवा मुलगी. प्रसंग कुठला? अफझलखानाची स्वारी, तुळजाभवानीच्या देवळावरचं संकट, प्रतापगडाखालची भेट. थांबा आणि ही तारीख पुन्हा वाचा. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' पुस्तकरूपानं आली 1871 मध्ये. म्हणजे मराठी माणसानं शिवकाळावर कादंबरी लिहायच्या आधी आपल्या तुळजापूरचं कथानक तीन खंडांत इंग्रजीत छापून झालं होतं, आणि लिहिणारा होता नळदुर्गाचा जुना साहेब. खटकतंय ना थोडं? खटकायलाच हवं. शेवटी तारा सती जाण्यातून वाचते आणि अफझलखानाच्या मुलाशी लग्न करते, हे वाचून तर आपल्याकडचा वाचक पुस्तक मिटून लेखकाला पत्रच घालील.

त्या पत्रात पहिला मुद्दा तारखेचा असेल. टेलरनं 'तारा'ची कथा 1657 सालात बसवली. अफझलखानाचा वध झाला 10 नोव्हेंबर 1659 ला. दोन वर्षांची तफावत आली कुठून? साहेबाच्या डोक्यात एक नकाशा होता: 1657 मध्ये मराठ्यांचा उदय, 1757 मध्ये प्लासी, 1857 मध्ये उठाव. दर शंभर वर्षांनी हिंदुस्थानची उलथापालथ! या तिन्ही सालांवर त्यानं तीन कादंबऱ्या रचल्या. कल्पना झकास, पण ती जुळावी म्हणून इतिहासाला दोन वर्षं मागं सरकावं लागलं. सामाजिक कादंबरीच्या वाचकाकडं असली हरकत घ्यायला पुरावा कुठून असणार? नायकाचं लग्न मंगळवारी लावलं की बुधवारी, लेखक म्हणेल ते खरं. ऐतिहासिक कादंबरीत मात्र वाचकाच्या हातात दुसरी एक बखर असते, शकावली असते, घरात ऐकलेली कथा असते. तो लेखकाला जाब विचारू शकतो, आणि विचारतोच.

कधी हा जाब पत्रातून येतो, कधी नव्या पुस्तकातून. पुण्यात 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी क्रमशः छापली, 'म्हैसूरचा वाघ'. ती कशावर बेतलेली होती माहीत आहे? मेडोज टेलरच्या 1840 सालच्या टिपू सुलतानावरच्या कादंबरीवर! नळदुर्गाच्या साहेबाला पन्नास वर्षांनी मिळालेला हा वाचक. त्यानं आधी गुरूच्या पाटीवर अक्षर गिरवलं आणि मग पाटी पुसून स्वतःचं लिहायला घेतलं. अवघ्या पाचेक वर्षांत 'उषःकाल' सुरू झाली. तिच्यात शिवकाळ आहे, पण तो साहेबाच्या खिडकीतून पाहिलेला नाही. गढीतला, वाड्यातला, माजघरातला आहे. मला विचाराल तर टेलरला मराठीनं दिलेलं सगळ्यात सणसणीत उत्तर म्हणजे 'उषःकाल'.

आणि हे उत्तर आठवड्या-आठवड्यानं यायचं. अंक संपायचा, प्रकरण अर्ध्यावर, नायक संकटात. पुढचे सात दिवस वाचकानं करायचं काय? अंदाज बांधायचे, वाद घालायचे, चडफडायचं. मालिकांचे भाग बघून झोप उडणाऱ्या पिढीला हे नवं वाटत असेल तर पणजोबांना विचारायला हवं होतं.

यात जळकोट-नळदुर्गाकडच्या वाचकाची एक वेगळीच अडचण. 1860 नंतर हा भाग पुन्हा निजामाचा, आणि निजामाचं टपाल निराळं, तिकिटंही निराळी, 1869 पासून. ती चालायची फक्त राज्याच्या हद्दीत. हैदराबादला पत्र घालायचं तर निजामाचं तिकीट, पुण्याला 'करमणूक'च्या पत्त्यावर घालायचं तर इंग्रजांचं! नकाशावर सोलापूर हाकेच्या अंतरावर, टपालाच्या हिशेबात परमुलूख. हा दुहेरी कारभार 1950 पर्यंत चालला. आज उलटं झालंय: जळकोटच्या पत्त्यावरचा पिन कोड 413 नं सुरू होतो, आणि हे तीन आकडे सोलापूरच्या टपाल विभागणीचे आहेत. जाता जाता सांगतो, ही सहा आकडी व्यवस्था 1972 मध्ये देशाला दिली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं, आणि हे गृहस्थ संस्कृतमधले कवी होते. छंदात मात्रा मोजणाऱ्या माणसानं अख्ख्या देशाचे पत्ते सहा आकड्यांत बसवले!

या साखळीतलं सगळ्यात मोठं आश्चर्य मात्र मराठवाड्यातल्याच एका पत्राचं आहे. रणजित देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे. 1962 च्या 'स्वामी' कादंबरीनं त्यांना घराघरांत पोचवलं. पुढचा विषय शिवाजी महाराज. आणि इकडं नांदेडला नरहर कुरुंदकर. जन्म कुरुंद्याचा, 1932 सालचा, म्हणजे निजामी अमलात वाढलेला, हैदराबादेत शिकलेला, नांदेडात शिकवणारा हा माणूस. वाचक म्हणून तो भयंकरच. लेखकाला न दुखावता अडचणीत आणण्याची विद्या त्याला साधली होती.

1968 मध्ये 'श्रीमान योगी' आली. तिच्या सुरुवातीला प्रस्तावना आहे आणि ती आहे कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं पत्र! चार ओळींचं अभीष्टचिंतन नव्हे. लांबलचक, खोल, प्रश्नांमागून प्रश्न उभे करणारं पत्र. एरवी प्रस्तावनेत काय असतं? पाठ थोपटणं. इथं एक वाचक कादंबरीकाराला समोर बसवून विचारतोय, की महाराजांचं मोठेपण नेमकं कशात आहे ते आधी ठरवा. अफझलखान, शाहिस्तेखान, आग्रा: डोळे दिपवणारे हे प्रसंग घटकाभर बाजूला ठेवले तर काय उरतं? कुरुंदकरांचं बोट जातं ते महाराजांच्या मृत्यूनंतरच्या काळावर. 1680 ला राजा गेला. औरंगजेब सगळं बळ घेऊन दक्षिणेत उतरला. नंतर संभाजीराजे गेले, राजाराम गेले, किल्ले पडत होते, खजिना नव्हता. तरी लोक लढत राहिले, ते 1707 मध्ये औरंगजेब इथल्याच मातीत मरेपर्यंत. सत्तावीस वर्षं! राजा नसताना माणसं कशासाठी लढली? पराक्रमाच्या गोष्टी सांगून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ज्या राजवटीनं साध्या कुणब्याला हे राज्य माझं आहे असं वाटायला लावलं, ती कशी उभी राहिली, ते सांगावं लागतं.

कादंबरीकारापुढं याहून अवघड मागणी कुणी ठेवू शकेल? घोडदौड लिहिणं सोपं. तलवारीचा खणखणाट तर अगदीच सोपा. विश्वास कसा तयार होतो हे प्रसंगातून दाखवणं, ते महाकठीण. आणि देसाईंचं धाडस बघा! आपल्याला ज्या मापानं मोजलं जाणार ते माप त्यांनी स्वतःच्याच पुस्तकाच्या दारात टांगून ठेवलं. हे पत्र इतकं वजनदार निघालं की पुढं कुरुंदकरांच्या 'छत्रपती शिवाजी महाराज : जीवन-रहस्य' या छोट्या पुस्तकाच्या रूपानं ते वेगळंही वाचलं जाऊ लागलं.

'तारा' ते 'श्रीमान योगी' हे अंतर 105 वर्षांचं. दोन्ही पुस्तकांत अफझलखान विजापुराहून निघतो, दोन्हींत तुळजापुरावर सावट येतं. पहिलं ज्या साहेबानं लिहिलं त्यानं हा मुलूख घोड्यावरून पालथा घातला होता; त्याचं भूगोलाचं ज्ञान पक्कं, पण लोक का लढले हा प्रश्न त्याला फारसा पडला नाही. दुसऱ्यात हा प्रश्न पहिल्या पानाच्याही आधी येऊन बसला आहे, आणि तो विचारणारा याच निजामी मुलखातला मास्तर आहे.

बहुतेक जण प्रस्तावना ओलांडून थेट कथेला हात घालतात. त्यात चुकीचं काही नाही; माझा सल्लाही तोच. आधी कादंबरी वाचून काढा, रात्री जागवून वाचा. मग मागं फिरून कुरुंदकरांचं पत्र उघडा आणि एकेक प्रश्न देसाईंच्या प्रकरणांशी ताडून बघा. कुठल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं, कुठल्याला बगल दिली, हे कळायला लागलं की तुम्हालाही कुणाला तरी पत्र लिहावंसं वाटेल. पोस्टात आंतर्देशीय पत्र अजून मिळतं.