सिंधचा मुदतीचा ताप आणि उरलेली एकच गोळी

कराची : सिंध प्रांतातील हैदराबादेत नोव्हेंबर २०१६ पासून मुदतीच्या तापाचे, म्हणजे टायफॉइडचे, असे रुग्ण आढळू लागले की ज्यांचा ताप नेहमीच्या औषधांनी उतरेना. जंतुनाशक प्रतिजैविकांना दाद न देण्याची जी शक्ती जंतू कमावतात, तिला प्रतिजैविकरोध म्हणतात. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल ही जुनी औषधे दक्षिण आशियात आधीच बोथट झाली होती आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनचाही भरवसा उरला नव्हता. सिंधच्या या जंतूने त्यापुढे जाऊन सेफ्ट्रायॅक्सोन हे हुकमी इंजेक्शनही निकामी केले.

आगा खान विद्यापीठ आणि ब्रिटनमधील सँगर संस्था यांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये या जंतूच्या जनुकांचा उलगडा प्रसिद्ध केला. या भागात पूर्वीपासून रुजलेल्या टायफॉइडच्या जंतूला एक प्लाझ्मिड, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारा जनुकांचा वर्तुळाकार तुकडा, मिळाला होता आणि तो बहुधा ई. कोलाय या आतड्यातील जंतूकडून आला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अशा देवघेवीला येथील परिस्थिती पोषक आहे. टायफॉइड मलमिश्रित पाण्यातून व अन्नातून पसरतो, आणि जेथे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळते तेथे साथ हटत नाही. रक्तातील जंतू वाढवून रोग ओळखण्याची तपासणी, म्हणजे ब्लड कल्चर, गरिबाच्या आवाक्यात क्वचितच असते. त्यामुळे ‘अताई’ म्हणून ओळखले जाणारे विनापदवी डॉक्टर आणि चिठ्ठीविना औषध देणारी दुकाने अंदाजानेच प्रतिजैविक देतात, रुग्ण अनेकदा ते अर्धवट सोडतो आणि चिवट जंतू तेवढे शिल्लक राहतात.

९ डिसेंबर २०१८ पर्यंत सिंधमध्ये या व्यापक औषधरोधी टायफॉइडच्या ५,२७४ रुग्णांची नोंद झाली होती आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के कराचीतील होते. या रुग्णांसाठी पोटातून घेण्याचे ॲझिथ्रोमायसिन हे एकच औषध उरले असून ते लागू न पडल्यास मेरोपेनेमसारखे महागडे औषध शिरेतून द्यावे लागते, जे रोजंदारीवरील कुटुंबाला परवडणारे नाही.

पाकिस्तानने यावर नव्या औषधाची वाट न पाहता लसीचा मार्ग धरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये टायफॉइडची संयुग्मित लस, म्हणजे जंतूच्या आवरणातील शर्करा प्रथिनाशी जोडून तान्ह्या मुलांसाठीही परिणामकारक केलेली लस, नियमित लसीकरणात आणणारा तो जगातील पहिला देश ठरला. ही लस भारतातील हैदराबादच्या भारत बायोटेकने तयार केलेली होती. दख्खनच्या हैदराबादेतील औषधनिर्मिती सिंधच्या हैदराबादेतील मुलांच्या कामी आली. तेथील मुलांच्या पाहणीत या औषधरोधी प्रकारापासून लसीने सुमारे ९७ टक्के संरक्षण दिल्याचे दिसून आले.

तरीही लसीमुळे केवळ उसंत मिळते. ॲझिथ्रोमायसिन सर्दी-खोकल्यावरही बेफिकिरीने दिले जात राहिले, तर उरलेली ही एकमेव गोळीही हातची जाईल. प्रतिजैविकरोधामुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज असून त्यांचे सर्वाधिक प्रमाण गरीब देशांत आहे. त्या देशांना औषधांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गरज शुद्ध पाण्याच्या नळाची आणि सांडपाण्याच्या वेगळ्या गटाराची आहे.