खुबा लचकला, की मोडला?

सुगीच्या दिवसांत कुठल्याही गावात जा, एखाद्या ओसरीवर कोणीतरी कमरेला फडके बांधून बसलेले दिसतेच. काय झालं म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं: "काही नाही हो, पाय घसरला नि जरा लचक भरली. चार दिवस शेकलं, चोळलं की होईल मोकळं." पुष्कळदा तसं होतंही. पण 'लचक' या एकाच गाठोड्यात आपण कितीतरी निरनिराळी दुखणी बांधून टाकतो. काही आठवड्याभरात बरी होणारी, काही महिना-दीड महिना घेणारी, आणि एखादं असं, की चार दिवस वाट पाहिली तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळावा. म्हणून खुबा लचकतो म्हणजे काय होतं, त्यावर घरी काय करावं, आणि ही लचक नव्हेच हे कसं ओळखावं, एवढं आज समजून घेऊ.

कंबर आणि मांडी जिथं जुळते तो खुब्याचा सांधा. गुरुजी वर्गात याला उखळीचा सांधा म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. कमरेच्या हाडात एक खोल वाटी असते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोल माथा असतो, तो या वाटीत बसतो. माथ्याखाली हाड निमुळतं होतं, ती त्याची मान. ही मान ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता नुसता माथा वाटीत ठेवून भागणार नाही, तो निसटेल. म्हणून निसर्गाने या सांध्याभोवती चिवट पट्टे आवळले आहेत. हाडाला हाड बांधणाऱ्या या पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. खुब्याला बाहेरून असे तीन मोठे अस्थिबंध आहेत आणि आतून एक लहान. पुढच्या बाजूचा अस्थिबंध उलट्या धरलेल्या बेचकीसारखा दिसतो: देठ वर कमरेच्या हाडाला, दोन फाटे खाली मांडीच्या हाडाला. अमेरिकेतील बोस्टनचे शल्यवैद्य हेन्री बिगेलो यांनी १८६९ साली खुब्यावर ग्रंथ लिहून या अस्थिबंधाचे महत्त्व दाखवून दिले. साऱ्या शरीरातला सर्वांत बळकट अस्थिबंध म्हणून हा ओळखला जातो. आपण ताठ उभे राहिलो की तो ताणला जातो आणि धडाला मागे कलंडू देत नाही. वाकलो किंवा उकिडवे बसलो की तो सैल पडतो.

खुबा लचकला म्हणजे या पट्ट्यांना इजा झाली. काथ्याचा दोर डोळ्यांपुढे आणा. जोराचा हिसका बसला, तंतू ताणले, पण दोर शाबूत राहिला, ही पहिली पायरी. काही पेड तुटले, काही राहिले, ही दुसरी. सगळा दोरच तुटला, ही तिसरी. पहिल्या पायरीची इजा साधारण दोन-तीन आठवड्यांत भरून येते, दुसरीला सहा आठवडे किंवा अधिक लागतात. तिसरी खुब्यात क्वचितच होते, आणि होते तेव्हा बहुधा सांधाही निखळलेला असतो.

हा हिसका बसतो कसा? भाताच्या चिखलात पाऊल रुतून बसतं आणि वरचं अंग वळतं. शेणकाल्यावर पाय घसरून दोन पाय दोन दिशांना फाकतात. डोक्यावर पोतं घेऊन चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारली जाते. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय विरुद्ध बाजूने घट्ट धरलेला असतो आणि तो मात्र मध्यरेषेकडे अंग पिळून झेपावतो. खेळाडूंत अस्थिबंधापेक्षा जांघेतला स्नायू ताणला जाण्याचं प्रमाण जास्त असतं, पण घरगुती उपाय दोन्हींना जवळजवळ तेच.

दुखतं कुठं, हे रोग्याला हात ठेवून दाखवायला सांगा. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं, मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंतही उतरतं. रोगी पुष्कळदा अंगठा मागे आणि बोटं जांघेकडे अशी पकड करून दाखवतो. हात पाठीच्या कण्याजवळ गेला, तर ती बहुतेक कमरेची उसण.

आता मुख्य गोष्ट. हे अस्थिबंध इतके बळकट आहेत, की खुबा सहजासहजी लचकत नाही. त्याला मोठा हिसका लागतो. मग सत्तरीची आजी न्हाणीत नुसती उभ्याउभ्या घसरून पडली आणि तिला उठता येईना, तर तिचा खुबा 'लचकला' असं कसं म्हणावं? दावं मजबूत आहे, पण खुंटी वाळवीनं पोखरलेली आहे. गुरानं हिसका दिला तर काय तुटेल? खुंटी. म्हातारपणी हाडं अशीच आतून विरळ होतात, बायकांची पाळी गेल्यानंतर तर लवकरच. म्हणून साठी ओलांडलेलं माणूस पडलं आणि जांघेत दुखू लागलं, तर क्ष-किरणानं खात्री होईपर्यंत ती हाडाच्या मानेची मोडच समजा.

मोडीची खूण अशी, की तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं असतं, आणि पडल्यापडल्या पाय उचलता येत नाही. पण ही खूण नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कधी मोडलेली टोकं एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस चार पावलं चालतंही. बारीक चीर पहिल्या क्ष-किरण चित्रात सुटूही शकते. दुखणं हटत नसेल तर डॉक्टरांकडे पुन्हा जा.

घाई कशासाठी? हाडाच्या माथ्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या त्या मानेवरूनच जातात. मान मोडली की त्या तुटतात, आणि माथा रक्तावाचून सुकू शकतो. अशा वेळी कोणी चोळलं, ओढलं, 'बसवून' पाहिलं, तर टोकं आणखी सरकतात. आणि महिनोन्महिने पडून राहिलं, तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हातारं माणूस खचतं ते मोडीनं कमी, पडून राहण्यानं अधिक. शक्यतो पहिल्या दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली, तर ऐंशीच्या घरातली माणसंही बहुधा दुसऱ्या दिवशी आधारानं उभी करतात. "या वयात आता कशाला कापाकापी?" असं म्हणण्यापूर्वी याचा विचार करा.

अशा माणसाला बखोटी धरून उभं करू नका, पाय ओढून सरळ करू नका. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून पंचानं अलगद बांधा, बाजेवर किंवा फळीवर निजवा, आणि महाराष्ट्रात असाल तर १०८ क्रमांकाला फोन करा. मोटारसायकलच्या अपघातात तरुण माणसाचा गुडघा दुमडून पाय आत वळलेला दिसला, तर सांधा निखळला असण्याचा संभव आहे. तो काही तासांच्या आत बसवावा लागतो, आणि तोही इस्पितळातच.

आता खरोखर लचक असेल, म्हणजे माणूस तरुण आहे, दुखतंय पण पायावर भार देता येतो, तर काय करावं? पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणं नको. आत रक्त उतरलेलं असतं, त्याला ऊब मिळाली तर सूज वाढते. फडक्यात बर्फ गुंडाळून दिवसातून चार-पाच वेळा पंधरा-पंधरा मिनिटं ठेवा. बर्फ उघड्या कातडीला लावू नका. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याची घडी चालेल. मांडी घालून किंवा उकिडवं बसू नका. शौचाला काही दिवस खुर्चीचा आधार घ्या. गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून घ्या. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पोटात जळजळ यांचा त्रास असणाऱ्यांनी दुकानातून परस्पर आणू नयेत.

काठी घ्यावी ती चांगल्या बाजूच्या हातात. पुष्कळजण दुखऱ्या बाजूला घेतात, ते चूक. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. उजव्या पायावर उभं राहिलं की सारं अंग डावीकडे झुकू पाहतं, आणि ते तोलायला उजव्या खुब्याला जोर लावावा लागतो. कावडीचं एक पारडं जड झाल्यासारखंच ते. काठी डावीकडे टेकली की ते ओझं ती उचलते.

पण विसावा म्हणजे महिनाभर अंथरूण नव्हे. दुखणं उतरू लागलं की पाय चालता ठेवा. उताणं निजून टाच हळूहळू बसणीकडे ओढावी. गुडघे दुमडून बसण वर उचलावी, पाच अंक मोजून खाली टेकावी. चांगल्या कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलावा. प्रत्येक प्रकार दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुखलं की थांबावं. न लंगडता चालता आलं, त्या एका पायावर अर्धा मिनिट उभं राहता आलं, न दुखता पळता आलं, की मग मैदान. आठवड्याभरात काहीच उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवावं.

शिक्षक बंधुभगिनींना एक वेगळी विनंती. मूल लंगडतंय आणि अंगात तापही आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. सांध्यात पू धरला असेल तर एका दिवसाची दिरंगाईही सांधा खाऊन टाकते. मूल गुडघा दुखतो म्हणून सांगतं, गुडघा तर दिसायला चांगला, आणि आठवडा झाला तरी लंगडणं जात नाही, अशा वेळी खुबा तपासून घ्या. लहान वयात माथ्याचा रक्तपुरवठा कमी पडण्याचा आणि दहा ते पंधरा वर्षांच्या वयात माथा मानेवरून सरकण्याचा विकार होतो. दोन्हींची कळ गुडघ्यात उमटते. "नाटकं करू नकोस, पळ" असं त्या मुलाला म्हणू नका.

राहता राहिला प्रतिबंध. कबड्डी-खो-खोच्या आधी दहा मिनिटं हलकं पळून, पाय झुलवून अंग तापवावं. ओझं घेऊन उडी मारू नये. वळायचं तर कमरेतून पिळून नव्हे, पावलं उचलून वळावं. घरात म्हातारं माणूस असेल तर न्हाणीतलं शेवाळ घासून काढा, भिंतीला धरायला एक दांडी ठोका, रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा ठेवा. आजीला दूध, नाचणी आणि सकाळचं कोवळं ऊन मिळू द्या, आणि रोज थोडं चालू द्या. दांडीला खर्च फारसा येत नाही. येत्या बाजाराच्या दिवशी ती आणायला विसरू नका.