नगरोद्यानांतील मत्स्यतळी

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातील सेंट लुईस हे शहर मिसिसिपीसारख्या महानदीच्या काठी वसलेले असले, तरी तिचा तेथील ओघ इतका वेगवान व गढूळ आहे, आणि तिचा तीर धक्के, लोहमार्ग व पूरबंधारे यांनी इतका व्यापलेला आहे, की मुलाबाळांना घेऊन गळ टाकीत निवांत बसावे असा आश्रय ती शहरवासीयांना सहसा देत नाही. १९५० च्या खानेसुमारीत साडेआठ लाखांवर असलेली या शहराची वस्ती १९७० पर्यंत सव्वासहा लाखांच्या आत आली. सुस्थित कुटुंबे उपनगरांत गेली आणि मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळांपाशी रानातल्या स्वच्छ ओढ्यांपर्यंत नेणारी मोटारही नव्हती. अशा काळात, १९६९ साली, राज्याच्या निसर्गसंवर्धन खात्याने शहरातील उद्यानांच्या तळ्यांत मासे आणून सोडण्याचा उपक्रम आरंभिला. माणसाला माशापर्यंत जाता येत नसेल तर मासाच माणसापर्यंत आणावा, हा त्यामागील विचार साधा होता, पण सरकारी दप्तरात असा विचार सुचणे मला असामान्य वाटते.

फॉरेस्ट पार्क, ओ'फॅलन पार्क, कॅरोंडेलेट पार्क ही त्या शहराची जुनी उद्याने. यांतील फॉरेस्ट पार्क १८७६ साली लोकांस खुले झाले आणि १९०४ चे जागतिक प्रदर्शन तेथेच भरले. या उद्यानांतील तळी उथळ असून उन्हाळ्यात तापतात, आणि पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. म्हणून कोणता मासा केव्हा सोडावा, हे तेथे ऋतूच ठरवितो. उष्ण महिन्यांत शिंगाळ्याच्या जातकुळीतील चॅनेल कॅटफिश सोडतात, कारण तो कोमट पाण्यातही तग धरतो. थंडीचे दिवस सुरू झाले, म्हणजे मत्स्यबीज केंद्रांत वाढविलेले इंद्रधनुषी ट्राउट प्राणवायूची सोय असलेल्या टाक्यांतून येतात. मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडील हा मासा शीत जलाचा रहिवासी. पाण्याची उष्णता एकवीस-बावीस अंश सेल्सिअसच्या वर गेली की तो कासावीस होतो, आणि सेंट लुईसचा उन्हाळा त्याला सोसवत नाही. म्हणून काही तळ्यांत नोव्हेंबरपासून जानेवारीअखेर ट्राउट धरून पुन्हा पाण्यात सोडावा लागतो, आणि १ फेब्रुवारीपासून तो घरी नेण्याची मुभा मिळते. उन्हाने मरण्यापूर्वी तो कोणाच्या तरी ताटात पडावा, हा हिशेब मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

मुलांचा खरा गुरू मात्र कॅटफिशच. त्याच्या अंगावर खवले नसतात. मिशांवर आणि सर्व त्वचेवर रुचीची इंद्रिये पसरलेली असल्यामुळे गढूळ पाण्यात, काळोखातदेखील, त्याला आमिषाचा माग लागतो. गांडूळ, कोंबडीचे काळीज, कणकेची गोळी यांपैकी काहीही त्याला चालते, आणि म्हणूनच महागडे साहित्य नसलेल्या पोराच्या गळालाही तो लागतो. पण त्याच्या पाठीवर एक आणि छातीच्या दोन्ही परांत एकेक असे तीन तीक्ष्ण काटे असतात. ते चुकवून, बोटे परांच्या मागे ठेवून त्याला कसे धरावे, हे आजोबांनी नातवाला हाताला हात लावून दाखवावे लागते. पुस्तकाने ते साधत नाही. ज्याच्या घरी गळाची काठी नाही त्याला ग्रंथालयातून पुस्तकाप्रमाणे काठी उसनी नेता येते, अशीही तजवीज राज्यात ठिकठिकाणी आहे.

सकाळी सोडलेला मासा दुपारी धरणे ही मृगया नव्हे, असा आक्षेप अरण्यात रमणारे मत्स्यवेधी घेतात. तो मला मान्य नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील हार्लेम मीअर या तळ्यात धरलेला प्रत्येक मासा परत सोडावा लागतो, आणि तेथेही मुलांना आनंद होतोच. परंतु सेंट लुईसच्या तळ्यावरून मूल चार जणांच्या जेवणात आपली भर घालून घरी परतू शकते, आणि गरीब घरात या गोष्टीचे मोल किती असते हे सांगावयास नको.

या साऱ्याचा खर्च कोण सोसतो, हेही पाहण्यासारखे आहे. प्रौढांच्या परवान्यांची फी एक; १९५० च्या केंद्रीय कायद्याने मासेमारीच्या सामानावरील अबकारी कराचा जो वाटा राज्यांस मिळू लागला तो दुसरा; आणि तिसरा, सर्वांत मोलाचा, १९७६ साली मिझुरीच्या मतदारांनी स्वतः मत देऊन स्वतःवर लादून घेतलेला विक्रीकर. आठ डॉलरांच्या खरेदीमागे एक सेंट असा तो कर निसर्गसंवर्धनासाठीच राखून ठेवलेला आहे, आणि खात्याचा कारभार पाहणाऱ्या चार सदस्यांच्या मंडळात एकाच पक्षाचे दोहोंपेक्षा अधिक सदस्य असता कामा नयेत, असा दंडक आहे. लोकांनी स्वखुशीने दिलेल्या करातून शहरी मुलाच्या गळाला मासा लागावा, याहून चांगला विनियोग मला सुचत नाही.

लेकीसुनांच्या भेटीस त्या शहरी जाणाऱ्या मराठी आजी-आजोबांना एवढेच सांगावयाचे, की पंधरा वर्षांपर्यंतच्या नातवंडांना तेथे मासे धरण्यास परवाना लागत नाही, मात्र ट्राउट घरी न्यावयाचा तर त्यांनाही वेगळा परवाना घ्यावा लागतो. आणि तुम्ही स्वतः गळ हाती घेणार असाल, तर आपला परवाना आधी काढून मगच तळ्यावर जा.