उचल दोघांची, बिऱ्हाड पाचांचे

ऊसतोडीच्या कामासाठी परमुलखात जायचे, लहान लेकरे सोबत न्यायची आणि पाच-सहा महिन्यांनी परतायचे, हा निर्णय बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातल्या असंख्य घरांत पावसाळ्यातच झालेला असतो. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम दारात येतो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम ठरते, पैसे हातात पडतात आणि बघता बघता संपतातही. दुकानदाराची उधारी असते, दवाखाना असतो, घरातले एखादे लग्न असते, गेल्या हंगामाची अंगावर फिरलेली बाकी असते. दसरा-दिवाळी उरकली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांबू, ताडपत्री, बाजरीचे पीठ, भांडीकुंडी, एखादी शेळी आणि लेकरे चढतात. कुणी बारामती-इंदापूर गाठतो, कुणी सांगली-कोल्हापूर, तर कुणी राज्याची हद्द ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे जातो.

मोठ्या कंपनीचा माणूस परदेशी बदलीवर निघतो तेव्हा त्याच्या बायको-मुलांचा विचार कराराच्या कागदातच असतो. घरभाडे, मुलांची शाळा, विमा, सुट्टीला घरी येण्याचे तिकीट, सगळ्याचा हिशेब आधी होतो. ऊसतोडीचा व्यवहार मात्र ‘कोयत्या’वर होतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. एका कोयत्याला पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत उचल मिळते आणि ती हंगामभर टनांनी फेडायची असते. जोडीबरोबर जाणाऱ्या तीन लेकरांचा या व्यवहारात कुठेही उल्लेख नसतो. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात, असे मला वाटते.

पाटोद्यातूनच एवढी माणसे का जातात, याचे उत्तर जमिनीत आहे. तालुका बालाघाटच्या डोंगररांगांवर वसलेला. माती हलकी, पाऊस बेभरवशाचा. बाजरी, तूर, उडीद, कापूस, सोयाबीन असा एक खरीप निघाला की शेतात काम उरत नाही. मांजरा नदी याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, पण तिचे पाणी अडते ते खाली केज तालुक्यात, धनेगावच्या धरणात. लातूरकडचा ऊस त्याच खोऱ्यात पोसला गेला. नदी जिथे जन्मते तिथला शेतकरी मात्र ऊस तोडायला दुसऱ्यांच्या फडात जातो. १९७२च्या दुष्काळानंतर ही वाट रुळली आणि आता तिसरी पिढी तीवरून चालते आहे.

घरातले कोण जाणार आणि कोण राहणार, हे लेकराच्या वयावर ठरते. सहा वर्षांपुढचे मूल आजी-आजोबांजवळ राहू शकते. समग्र शिक्षा अभियानातून गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालले तर त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. अट इतकीच की वसतिगृह वेळेत सुरू व्हावे. गाड्या नोव्हेंबरच्या आरंभीच निघतात. मंजुरी त्यानंतर आली तर ज्यांच्यासाठी वसतिगृह काढले ती मुले तोवर फडात पोहोचलेली असतात. आजी थकलेली असेल, तिला दिसत नसेल, तर प्रश्नच मिटतो आणि मूलही ट्रॉलीत चढते.

सहा वर्षांखालच्या लेकराला कोणतेही वसतिगृह नाही. अंगावर पिणारे बाळ तर आईबरोबर जाणारच. मजुरांच्या तळावर पहाटे चारच्या आधी उठून भाकरी थापायच्या, अंधारातच फडावर पोहोचायचे. बाळ उसाच्या पाचटावर किंवा झोळीत. जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात उसात बिबट्या राहतो. सगळ्याच फडांवर ट्रॅक्टर मागे-पुढे होत असतात, आणि झाकल्या पाचटात निजलेले मूल चालकाला दिसत नाही. म्हणून आठ-दहा वर्षांची बहीण राखणीला लागते, आणि तिची शाळा तिथेच सुटते. धाकट्यासाठी पाळणाघर नसल्याची किंमत अशी थोरलीच्या पाटी-पुस्तकाने चुकवली जाते. ऊसतोड कामगारांच्या मुलींचे शिक्षण हा विषय पाळणाघरापासून सुरू व्हायला हवा, तो वसतिगृहापासून सुरू होतो.

मुलगी तेरा-चौदाची झाली की आईबापांना वेगळीच धास्ती. गावात एकटी ठेवता येत नाही, तळावर ताडपत्रीच्या कोपीला दार नसते. त्यात लग्न होऊन जोडी झाली की पूर्ण कोयता होतो, पूर्ण उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. राज्याचे प्रमाण याच्या निम्मे होते. आईच्या शरीरावर या कामाचा काय भार पडतो, तेही २०१९ साली उजेडात आले. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीत, गरोदरपणात, बाळंतपणानंतर कामाला खाडा पडला की पैसे कापले जातात, हे या आकड्याच्या मागे आहे.

असे असले तरी निघण्यापूर्वी काही गोष्टी हातात घेता येतात, आणि त्या घरोघरी माहीत हव्यात. रेशनकार्डाचे धान्य आता देशात कुठल्याही रास्त भाव दुकानातून अंगठा लावून उचलता येते. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये जानेवारी २०२० पासून या व्यवस्थेत आहेत. कार्डावरचे थोडे धान्य गावात म्हाताऱ्यांनी आणि उरलेले कारखान्याच्या गावात जोडीने घेतले तरी चालते. मात्र लेकरांची नावे रेशनकार्डावर आणि त्यांचे आधार त्याला जोडलेले हवे, नाहीतर त्यांच्या वाट्याचे धान्यही निघत नाही.

बाळाच्या लसींचे वेळापत्रक आणि गाळप हंगाम एकमेकांवर येतात. दिवाळीत महिन्याचे असलेले बाळ सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या तिन्ही डोसांना फडातच असणार. लस कुठल्याही सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण माता-बाल संरक्षण कार्ड ट्रॉलीतल्या पेटीत नव्हे, आईच्या पिशवीत असले पाहिजे. गावच्या अंगणवाडीताईंना कुठे चाललो हे सांगून निघावे. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद झाली तर तिकडच्या अंगणवाडीत नाव लागते. अडचण आहे ती अंतराची. तळ बहुधा गावाबाहेर कारखान्याच्या माळावर, आणि अंगणवाडी गावात. दिवसभर आई फडात असते, तर लेकराला पोहोचवणार कोण?

शाळेच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने राज्यात किंवा राज्याबाहेर स्थलांतरित होणाऱ्या मुलाला शाळा बदलण्याचा हक्क दिला आहे, आणि दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्यापूर्वी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा भरत. प्रत्येक मूल नियमित शाळेतच हवे, असा आग्रह धरल्यावर त्या बहुतेक बंद पडल्या. तत्त्व योग्य होते. पण तळापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या शाळेत मुलांना नेण्याची जबाबदारी कुणाच्याच नावावर लिहिली गेली नाही. कर्नाटकात अथणी, चिकोडी, निपाणीकडे मराठी शाळा सापडते. मुधोळ, जमखंडीकडे गेलेले मूल कन्नड वर्गात बसते आणि त्याला फळ्यावरचे एक अक्षरही ओळखू येत नाही. परदेशी गेलेल्या मराठी मुलांच्या भाषेविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पाटोद्याच्या या पोरांची गोष्ट तितकीच खरी आहे, आणि त्यांना शिकवणी लावायला कुणी नसते.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला होता. महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता, प्रवासखर्च, राहायला योग्य जागा, मोफत उपचार, हे सगळे त्यात होते. कारखाने म्हणत आले की आमचा करार मुकादमाशी आणि वाहनमालकाशी, मजुराशी नाही. मुकादम म्हणत आला की मी तरी कुठला मालक? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत तो कायदा विलीन झाला. प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता मात्र गेला.

राज्यात काही हालले आहे, हेही सांगितले पाहिजे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि तितकेच सरकारने द्यायचे ठरले. संत भगवानबाबा योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली, मुलामुलींसाठी वेगवेगळी. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीदरात ३४ टक्के वाढ दिली. अशा प्रत्येक वाटाघाटीत दर, मुकादमाचे कमिशन, विमा यांवर घासाघीस झाली. पाळणाघराची मागणीही कधीपासूनची आहे, पण तिच्यावर बोलणी अडल्याचे कधी ऐकले नाही.

करणे अवघड आहे असेही नाही. कोणत्या गावची टोळी कोणत्या कारखान्याला जाणार, हे उचल देतानाच, म्हणजे महिना-दोन महिने आधी, मुकादमाला आणि कारखान्याच्या शेती विभागाला ठाऊक असते. त्याच कागदावर लेकरांची नावे, वय आणि इयत्ता लिहून घ्यावी. ती यादी कारखान्याच्या तालुक्यातल्या गटशिक्षणाधिकाऱ्याला आणि अंगणवाडी पर्यवेक्षिकेला गाळप सुरू होण्याआधी पोहोचावी, आणि महामंडळाच्या टनामागच्या त्या पैशांतून तळावर एक पत्र्याची खोली व टोळीतलीच एक बाई पगारी नेमली जावी. ती बाई लेकरे सांभाळेल त्या दिवसाचा तिचा खाडा धरू नये, एवढे करारात आले तरी फडावर गेलेली थोरली बहीण शाळेच्या वाटेला लागेल.