मातीकामाच्या यंत्रांचे ब्रेक : परीक्षा आणि निगा

उन्हाळा लागला की आमच्या जालना जिल्ह्यातील शिवारांत बैलांच्या घुंगरांपेक्षा यंत्रांची घरघर अधिक ऐकू येते. बांध घालणे, नाला खोल करणे, शेततळे खणणे, तलावातील गाळ वाहून शेतात पसरणे ही कामे पूर्वी इर्जिकीने किंवा रोजंदारीने होत असत. ती आता तासाच्या भाड्याने होतात. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान आले, २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळे ही योजना आली आणि २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली. घाणेवाडीच्या तलावातील गाळ तर लोकांनी आपल्या हिमतीने उपसला आणि कास्तकारांनी आपापल्या ट्रॅक्टरांनी तो शेतांत नेला. कडवंची गावाची शेततळी व द्राक्षबागा पाहण्यास दूरदूरची मंडळी येतात. या सर्व खटाटोपात पिवळ्या यंत्राचा वाटा मोठा आहे, आणि ते यंत्र उभे राहते ते नेमके तलावाच्या उतारावर, शेततळ्याच्या भरावावर व विहिरीच्या काठावर.

अशा जागी यंत्राची माती उचलण्याची ताकद पाहण्याआधी त्याची थांबण्याची ताकद पाहिली पाहिजे. परंतु घडते उलटे. यंत्राचा मालक एक, चालक दुसरा आणि ज्याच्या शेतात ते चालते तो कास्तकार तिसरा. ब्रेकची काळजी या तिघांपैकी कोणी घ्यावी हे ठरलेले नसते. एप्रिल-मे हा कमाईचा हंगाम. यंत्र अर्धा दिवस उभे राहिले तर मालकाचे भाडे बुडते, म्हणून चालक ‘थोडे ढिले आहे, पण चालते’ असे म्हणून दिवस काढतो. पुढे काही विपरीत झाले म्हणजे पंचनाम्यात ‘ब्रेक निकामी झाल्याने’ हे तीन शब्द पडतात. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करताना असे कागद पुष्कळ हाताळले आहेत. ते तीन शब्द हकिकतीचा शेवट सांगतात. ब्रेक कोणत्या कारणाने आणि किती दिवसांपासून निकामी होत आले होते, याविषयी कागद मुका असतो. बहुतेक वेळा यंत्राने आठवडा-आठवडा आधी सूचना दिलेली असते. ती सूचना ओळखावी कशी, एवढाच या लेखाचा विषय.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण ज्यास जेसीबी म्हणतो ते पुढे सुपडे व मागे खोदणारा हात असलेले चाकांचे यंत्र. त्याचे ब्रेक तेलाच्या दाबाने चालतात. पोकलेन साखळीवर चालते. त्याच्या चालीच्या मोटारींतील ब्रेक बहुधा स्प्रिंगने सदैव लागलेले असतात आणि तेलाचा दाब आला म्हणजे सुटतात. गाळ वाहणारा मोठा टिपर, ज्यास आपण हायवा म्हणतो, त्याचे ब्रेक दाबलेल्या हवेचे. त्याच्या हवेच्या टाकीतील पाणी रोज काढून टाकावे लागते. एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही. येथे मुख्यतः पहिल्याचा विचार करू, कारण आपल्या बांधावर तेच अधिक येते.

द्रवाचे एका जागी दाबलेले बळ सर्व बाजूंस सारखे पोहोचते, हा नियम फ्रान्समधील ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. मोटारीच्या चारही चाकांस असे ब्रेक लावण्याचा मान १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीस देतात. हिशेब सोपा आहे. चालकाने पायाने ५० किलोचा भार दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर २५० किलो येतात. दट्ट्याचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटीमीटर धरल्यास दर चौरस सेंटीमीटरास १२५ किलो दाब झाला. तोच दाब नळीतून चाकाजवळील १० चौरस सेंटीमीटरच्या दट्ट्यावर गेला म्हणजे तेथे १,२५० किलोचे बळ मिळते. पन्नासाचे साडेबाराशे होतात ते एका अटीवर : नळीत तेलच असावे, दुसरे काही नसावे. तेल दाबले जात नाही. हवा दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचे कष्ट तो बुडबुडा चेपण्यातच खर्च होतात.

हवेखेरीज दुसरा शत्रू वाफ. यंत्राचे वजन सुमारे साडेसात टन असते. ते २० मीटर खोल उतारावरून केवळ ब्रेकच्या आधारे खाली आणले, तर जी उष्णता निर्माण होते तिने सुमारे चार लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. ही सारी उष्णता ब्रेकच्या चकत्यांत व त्यांच्या भोवतालच्या तेलात जाते. मोटारींत वापरले जाणारे साधे ब्रेक ऑईल, डॉट ३ जातीचे, नवे असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; परंतु ते हवेतील ओल शोषून घेते, आणि शेकडा पावणेचार भाग पाणी शोषल्यावर १४० अंशांसही उकळू शकते. तेल उकळले की नळीत वाफ, आणि वाफ म्हणजे पुन्हा दबणारी वस्तू. सकाळी टणक असलेले पेडल दुपारी उतारावर एकाएकी पोकळ का लागते, आणि संध्याकाळी यंत्र निवल्यावर पुन्हा ठीक कसे होते, याचे उत्तर यात आहे. चालक मग म्हणतो, ‘आता दुरुस्त झाले.’ दुरुस्त काहीच झालेले नसते.

म्हणून उतार उतरण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि वेग ब्रेकऐवजी इंजिनाकडून आवरावा. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये यंत्र सोडण्याची जी खोड काही तरुण चालकांस असते ती मोडून काढावी. पाच रुपयांच्या डिझेलसाठी यंत्र, माणूस आणि खालची विहीर ही तिन्ही पणास लागतात.

आता परीक्षा. पेडल स्पंजासारखे लागत असेल आणि दोन-चार वेळा भराभर दाबल्यावर टणक होत असेल, तर हवा शिरली आहे किंवा चकत्या झिजून अंतर वाढले आहे. पेडल एकदा टणक लागते, परंतु पाय तसाच दाबून धरला असता हळूहळू खाली जाते आणि बाहेर कोठेही गळती दिसत नाही, तर बहुधा मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी सील दाब धरीत नाही. पाय टणक लागूनही यंत्र थांबत नसेल तर चकत्या झिजल्या किंवा चकाकून गुळगुळीत झाल्या. पाय काढल्यावरही चाक जड फिरते, घाटीजवळ हात नेताच धग लागते, अशा वेळी रबरी नळी आतून फुगून तेल परत येऊ देत नाही, सील फुगले आहे किंवा पेडलास मोकळी चाल राहिली नाही, यांपैकी काही समजावे. घाटीस हात लावू नये. जवळ नेला तरी कळते. डावे व उजवे पेडल निरनिराळे असतात. मोकळ्या सपाट जागी अगदी सावकाश चालवून एकेक दाबून पाहावे, म्हणजे कोणती बाजू दुबळी ते उघड होते.

सर्वांत फसवा दोष तेलाच्या पातळीचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. टाकीतील तेल कमी झाले की चालक बाटलीतून भर घालतो आणि विषय संपला असे समजतो. आमच्या कारकुनी बुद्धीस हे पटत नाही. तिजोरीत शिल्लक कमी भरली तर कोठेतरी खर्च पडलाच आहे; तो सापडेपर्यंत खाते बंद करता येत नाही. नळ्या, सांधे, मास्टर सिलिंडरचा मागचा भाग, पेडलाजवळची फरशी ही सर्व ठिकाणे पुसून कोरडी करावीत आणि पेडल दाबून पुन्हा पाहावीत. कोठेच ओल नाही आणि तेल मात्र रोज उतरते, असे असेल तर निश्चिंत होऊ नये. उलट काळजी वाढवावी. या यंत्रांतील ब्रेकच्या चकत्या मागच्या आसाच्या बंद पेटीत, तेलात बुडालेल्या असतात. तेथील दट्ट्याचे सील फाटले की ब्रेकचे तेल बाहेर न पडता आसाच्या तेलात मिसळते. यंत्र सपाट जागी उभे करून आसाचा पातळी-बूच उघडावा. नेहमीपेक्षा अधिक तेल वाहून आले, किंवा ते पातळ लागले, तर चोर घरातच सापडला. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. तलावाच्या गाळात आसापर्यंत बुडून काम करणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत हे पाहिलेच पाहिजे. चकत्या तेलात असल्यामुळे त्या तेलाची जातही महत्त्वाची. भलतेच तेल भरले तर ब्रेक लावताना यंत्र कुरकुरते व धडधडते.

ब्रेकच्या टाकीत कोणते तेल घालावे याविषयी गावोगाव जो बेफिकीरपणा आहे त्याचा आम्हांस राग येतो. पुष्कळ जेसीबी यंत्रांत हलके खनिज तेल लागते. मोटारीच्या दुकानात मिळणारे ब्रेक ऑईल त्यात घातले तर सील बिघडतात. उलट ज्यात डॉट जातीचे तेल लागते अशा गाडीत खनिज तेल, डिझेल किंवा केरोसीन गेले तर तेथील रबर फुगते. पहिल्या दिवशी दोन्ही यंत्रे उत्तम चालतात. खोड काही दिवसांनी निघते. टाकीच्या झाकणावर व यंत्राच्या पुस्तकात जे लिहिले असेल तेच, बंद डब्यातील, नवे तेल घालावे. सुटे भाग डिझेलने धुण्याची मिस्त्री लोकांची रीत डॉट तेलाच्या ब्रेकला अजिबात चालत नाही. असे तेल ओल धरीत असल्याने पुस्तकात दिलेल्या मुदतीस, आणि मुदत ठाऊक नसल्यास दोन वर्षांच्या आत, बदलून टाकावे.

नळीतील हवा काढण्यास दोन माणसे लागतात. यंत्र सपाट जागी, सुपडे जमिनीस टेकवलेले, चाकांस दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. निपलवरील धूळ आधी पुसावी, त्यास पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडावा. पेडल तळास जाताच निपल बंद करावा आणि मगच पाय सोडावा. हा क्रम चुकला तर निघालेल्या हवेहून अधिक हवा आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालवावे, आणि मधूनमधून टाकीत तेल भरीत राहावे. निघालेले तेल पुन्हा टाकीत ओतू नये. विहिरीजवळ वा शेतात तर मुळीच सांडू नये. एवढे करूनही पेडल चार दिवसांत पुन्हा मऊ झाले तर हवा शिरण्याची वाट कायम आहे असे समजून यंत्र जाणत्या मिस्त्रीकडे न्यावे. सील बदलणे, आसाची पेटी उघडणे ही कामे धुळीत, झाडाखाली करण्याची नव्हेत.

यंत्र भाड्याने घेणाऱ्या कास्तकाराने भरावावर चढवण्याआधी पाच मिनिटे मागून घ्यावीत. इंजिन बंद असता पेडल दाबून पाहणे, टाकीची पातळी, सपाट जमिनीवर एकदा थांबवून दाखवणे, आणि किंचित उतारावर केवळ हँडब्रेकवर उभे करून दाखवणे, एवढ्याने पुरेसे कळते. हँडब्रेकवर यंत्र सरकत असेल तर ते विहिरीच्या काठावर नेऊ देऊ नये, चालक कितीही जुना असो. या गोष्टी एका वहीत तारखेसह टिपून ठेवल्या तर मालकही सावध राहतो. आपल्या ट्रॅक्टरासही हेच लागू आहे. शेतात वळण घेण्यासाठी सुटी ठेवलेली दोन पेडले रस्त्यावर येताच खिट्टीने जोडली पाहिजेत. न जोडता एकच दाबले, तर गाळाने भरलेल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर एका अंगास फिरतो. ट्रॉलीस बहुधा स्वतःचे ब्रेक नसतातच, म्हणून तिचे सारे ओझे या दोन पेडलांवर असते.

इतके करूनही चालत्या यंत्राचे पेडल तळास गेले तर चालकाने पाय पुनःपुन्हा भराभर मारावा. थोडा दाब बहुधा मिळतो. त्याच वेळी वेग कमी करून, हँडब्रेक हळूहळू ओढून, पुढचे सुपडे बेताबेताने जमिनीस टेकवावे, आणि शक्य असल्यास यंत्राचे तोंड चढाकडे वळवावे. खाली उभ्या असलेल्या मंडळींनी चाकाखाली दगड टाकण्यास धावू नये. बाजूस व्हावे आणि मुलांस बाजूस ओढावे. यंत्र थांबल्यावर चाकांस ठोकळे लावावेत, आणि दोष सापडेपर्यंत त्याची किल्ली कास्तकाराने आपल्याजवळ ठेवावी.