खेड्यातल्या मैदानांची सहल आणि न घेतलेली गोळी

मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी इंग्लंडला गेलेल्या आई-वडिलांचा दिवस सरता सरत नाही. जूनमध्ये तर सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. अशा वेळी रविवारी क्रिकेटची सहल ठरली, तर आपण आवर्जून जावे. लॉर्ड्सच्या फेरीपेक्षा खेड्यातली मैदाने ज्येष्ठांना अधिक मानवतात, असे माझे मत आहे. तिथे बहुधा तिकीट नसते, जिने नसतात. सीमारेषेबाहेर घडीची खुर्ची टाकून बसता येते.

हॅम्पशायरमधील हॅम्बल्डन गावापासून थोड्या अंतरावर, टेकडीवर, ब्रॉडहाफपेनी डाउन हे मैदान आहे. अठराव्या शतकात येथील संघ इतका बलाढ्य होता की 1777 साली त्याने ‘इंग्लंड’ म्हणून निवडलेल्या संघाला एक डाव व 168 धावांनी हरवले. त्या काळी यष्ट्या दोनच असत. 1775 साली लंडनच्या एका सामन्यात हॅम्बल्डनचा जॉन स्मॉल खेळत असताना लम्पी स्टीव्हन्सचे चेंडू त्या दोहोंमधून तीनदा निघून गेले, तरी तो बाद ठरला नाही. त्यानंतर मधली यष्टी आली. मैदानासमोर ‘बॅट अँड बॉल’ हा जुना पब आजही उभा आहे. तिथून मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर सरे परगण्यात टिलफर्ड आहे. तेथील हिरवळ चक्क उतरती आहे. ‘सिल्व्हर बिली’ म्हणून गाजलेला बेल्डम हा फलंदाज याच गावी 1862 साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारला. पंचावन्नाव्या वर्षापर्यंत तो मोठ्या सामन्यांत खेळत होता!

एका दिवसात ही दोनच मैदाने पाहावीत. मुलांच्या यादीत पाच असतील, तर तीन खुशाल खोडावीत.

आता वैद्यकीय बाजू. सहलीच्या सकाळी अनेक ज्येष्ठ कोणालाही न सांगता दोन गोष्टी करतात : रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी घेत नाहीत आणि पाणी पिणे थांबवतात. कारण एकच, ‘वाटेत लघवीला लागली तर?’ मुलांना, विशेषतः सुनेला वा जावयाला, हे सांगण्याचा संकोच वाटतो. दवाखान्यात हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता मीच आधी विचारतो. गार वाऱ्यात तहान जाणवत नाही, उतारवयात ती तशीही मंदावते. मग दुपारी खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पडणे होते. साठीनंतर खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे आपण कोणाच्या तरी घरी पाहिलेच असेल. दुसरीकडे, हृदयविकारासाठी हीच गोळी घेणाऱ्याने ती मनाने टाळली, तर पायांवर सूज आणि धाप येऊ शकते.

गोळी टाळू नये. तिची वेळ त्या दिवसापुरती पुढे नेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावे. पाणी घोट-घोट प्यावे. डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. सोबतच्या मुलांनी स्वच्छतागृह कुठे आहे, हे स्वतःहून सांगावे, म्हाताऱ्यांना विचारायला लावू नये. मैदानावरील पॅव्हेलियन सामना नसेल तेव्हा बंद असू शकते. म्हणून पबमध्ये चहा घ्यावा आणि तिथली सोय वापरावी. दीड तासाहून अधिक सलग मोटारीत बसू नये.

मधुमेहींनी एक लक्षात ठेवावे. हे सामने बहुधा दुपारी सुरू होतात आणि चहाची सुट्टी दोन डावांच्या मध्ये असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन त्या चहापर्यंत उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरते. दशम्या किंवा ठेपले सोबत असावेत, खिशात साखरेच्या पुड्या असाव्यात. चहासोबतच्या केकचा एखादा तुकडा चाखायला माझी हरकत नाही.

उतरत्या हिरवळीवर चप्पल नको, बंद बूट हवेत, काठी हवी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी सीमारेषेपासून बरेच मागे, फलंदाजाकडे तोंड करून बसावे. चेंडू टणक असतो आणि लहान मैदानावर षटकार सहज बसतात. तो आपल्याकडे आलाच, तर अडवायला जाऊ नये. थांबल्यावर मात्र उचलून परत फेकावा.