वादळाचा माग आणि पावसाची नोंद

मे २०२१ च्या मध्यास, साथीमुळे सारा महाराष्ट्र घरात कोंडला गेला असताना, अरबी समुद्रातून एक चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होते. १४ मे रोजी लक्षद्वीपच्या परिसरात ते आकारास आले. केरळ, कर्नाटक, गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी असा सारा किनारा उजव्या हातास ठेवीत ते १७ मे रोजी मुंबईच्या पश्चिमेकडून, सुमारे दीडशे किलोमीटरवरून, पुढे गेले आणि त्याच रात्री दीव व उना यांच्या दरम्यान सौराष्ट्रावर आदळले. मराठी वृत्तपत्रांनी त्याला 'तौक्ते' म्हटले. नाव ब्रह्मदेशाने सुचविलेले होते, मूळ उच्चार 'ताउते' असा आणि अर्थ पालीच्या जातीचा एक प्राणी. मुंबईनजीकच्या तेलक्षेत्रातील कामगारांचा 'पी-३०५' हा तराफा या वादळात बुडाला व सत्तरहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

त्या चार दिवसांत हवामान खात्यातील अधिकारी रात्रभर जागे होते, यात नवल नाही. ते त्यांचे कामच होते. नवल आहे ते अशांचे, की ज्यांना हे काम कोणी सांगितलेले नव्हते. कोणी बँकेतील कारकून, कोणी शाळामास्तर, कोणी अभियांत्रिकीचा विद्यार्थी. उपग्रहाची दर अर्ध्या तासाने येणारी चित्रे पाहणे, खात्याच्या पत्रकातील अक्षांश-रेखांश नकाशावर टिंबांनी मांडणे, अमेरिकी व युरोपीय संगणकीय प्रारूपे कोठे जुळतात व कोठे फाटतात याचा ताळा घेणे, हा उद्योग ही मंडळी कोणत्याही वेतनाविना करीत होती. आमच्या महाविद्यालयातील तीनचार विद्यार्थीही त्यांत होते. सोलापूर समुद्रापासून पावणेतीनशे किलोमीटर आत. येथील मुलांना वादळाचे काय, असे त्यांना घरी विचारले गेलेच.

या छंदास क्षुल्लक समजणाऱ्यांनी थोडा इतिहास आठवावा. 'सायक्लोन' हा शब्दच मुळी एका हौशी माणसाने घडविला. हेन्री पिडिंग्टन हा व्यापारी जहाजांवरचा जुना कप्तान कलकत्त्यास स्थायिक झाला आणि बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या जहाजांच्या रोजनिश्या जमवू लागला. कोणत्या तासाला वारा कोणत्या दिशेचा, वायुभारमापकातील पारा किती उतरला, एवढ्याच नोंदी. त्या एकापुढे एक मांडल्यावर त्याला दिसले की हे वारे वेटोळे घालून फिरतात. आणि १८४८ च्या आपल्या खलाशांसाठीच्या ग्रंथात त्याने सापाच्या वेटोळ्यावरून हे नाव सुचविले. पुढे त्याने सरकारला बजावले की मातला नदीकाठी पोर्ट कॅनिंग हे नवे बंदर वसविणे धोक्याचे आहे. बंदर वसविले गेले आणि १८६७ च्या वादळात उद्ध्वस्तही झाले. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. १८६४ चे कलकत्त्याचे वादळ आणि त्यामागोमागचे दुष्काळ यांनी ती घडवून आणली. पिडिंग्टन तोवर हयात नव्हता. (पुण्यात शिवाजीनगरला आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात, ते या खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तेथे आले म्हणून.)

अमेरिकेत तर वादळाचा माग काढणे हा घरगुती रिवाजच होता. रेडिओवरून वादळाचे स्थान सांगितले जाई आणि किनारी गावांतील कुटुंबे ते छापील नकाशावर पेन्सिलीने टिपीत. वाणसामानाच्या कागदी पिशव्यांवरही असे नकाशे छापलेले असत. १९६५ पासून तेथील हौशी रेडिओचालकांचे जाळे वादळाच्या वेळी मैदानी निरीक्षणे सरकारी केंद्राकडे पाठवीत आले आहे.

आता सोलापूरकडे वळू. आपल्या जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातील मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. ज्याला आपले शेतकरी हस्त-चित्राचा पाऊस म्हणतात, तो पुष्कळदा बंगालच्या उपसागरात जन्मलेल्या वादळाची वा कमी दाबाच्या पट्ट्याची उरलीसुरली शिदोरी असतो. १३ ऑक्टोबर २०२० रोजी असाच एक तीव्र कमी दाबाचा पट्टा आंध्रच्या काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आला. तेथून तो तेलंगणात शिरला, हैदराबाद त्याने जलमय केले आणि दुसऱ्या दिवशी आपल्यावर आला. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले, भीमेला पूर आला, ऊस आडवा झाला, डाळिंब-द्राक्षांच्या बागांत पाणी उभे राहिले. म्हणजे जे संकट पूर्व किनाऱ्यावर उतरले, ते दीड दिवस जमिनीवरून चालत आपल्या दारी आले. तो दीड दिवस आपण कशात घालविला? अंदाज वर्तविला गेला नव्हता असे नाही. परंतु काकिनाड्याचे वादळ म्हणजे काकिनाड्याची बातमी, अशीच आपली समजूत असते. नकाशावर रोज टिंबे मांडणाऱ्या विद्यार्थ्यास ती तशी वाटत नाही. त्याला रेषेचे टोक कोणीकडे वळते आहे हे दिसत असते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हवामानाची माहिती ही सार्वजनिक वस्तू होय. मी ती वापरली म्हणून तुमच्या वाट्याची कमी होत नाही, आणि एकदा ती लोकांत पसरली की तिचे मोल कोणाकडून वसूल करता येत नाही. त्यामुळे केवळ नफ्यावर चालणारी बाजारपेठ ती पुरेशी निर्माण करीत नाही. शासनालाच तो भार उचलावा लागतो. तो उचलल्याने काय होते याचा पुरावा ओरिसाने दिला आहे. १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ मध्ये 'फायलीन' आले तेव्हा काही परदेशी तज्ज्ञ आपले खाते वादळाची तीव्रता कमी सांगते म्हणून टीका करीत होते. खाते आपल्या अनुमानावर ठाम राहिले व ते बरोबर ठरले. किनाऱ्यावरील सुमारे दहा लाख लोक आधीच हलविले गेले होते आणि मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली.

तथापि अंदाज हा या व्यवहाराचा अर्धाच भाग. दुसरा अर्धा भाग नोंदीचा आहे, आणि आपल्याकडे पैशाचा संबंध येतो तो तेथेच. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असे शासन मानते. मदतीचा प्रश्न तेथून सुरू होतो. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात, एका खासगी कंपनीच्या सहभागाने, मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे राज्यात उभी राहिली. हे काम मोठे आहे, यात शंका नाही. परंतु एका मंडळात अनेक गावे येतात, आणि परतीच्या पावसाचा ढग मंडळाची हद्द पाहून बरसत नाही. यंत्र असलेल्या गावी ६० मिलिमीटर आणि पाच कोसांवरील गावी ११० असे सहज घडू शकते. दुसऱ्या गावच्या शेतकऱ्यापाशी मग सांगण्यास शब्द असतात, आकडा नसतो. आणि कचेरीत चालतो तो आकडा.

येथेच छांदिष्टाचे श्रम उपयोगी पडू शकतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स या गावी जुलै १९९७ मध्ये भीषण पूर आला. गावाच्या एका भागात प्रचंड पाऊस झाला होता आणि दुसऱ्या भागात अगदी थोडा. सरकारी यंत्रांच्या विरळ जाळ्यात हा फरक नीट सापडला नाही. पुढच्या वर्षी तेथील विद्यापीठाने सामान्य नागरिकांना एकाच प्रकारची साधी पर्जन्यमापके घेऊन रोज ठरल्या वेळी वाचन करण्यास सांगितले. आज ते जाळे सबंध देशभर पसरले आहे, आणि सरकारी हवामान खाते त्या नोंदी वापरते.

या सूचनेवर एक आक्षेप ठरलेला आहे: उद्या प्रत्येक जण हवामानतज्ज्ञ होईल आणि भ्रमणध्वनीवरून अफवा पसरतील. आक्षेप खोटा नाही. प्रत्येक पावसाळ्यात कोणते तरी जुने ढगांचे छायाचित्र नव्या वादळाचे म्हणून फिरतेच. परंतु याला उत्तर बंदी हे नव्हे, पडताळणी हे आहे. परभणी जिल्ह्यातील पंजाबराव डख यांचे अंदाज असंख्य शेतकरी विश्वासाने ऐकतात. तामिळनाडूत प्रदीप जॉन यांना असाच मोठा श्रोतृवर्ग आहे. त्यांचे काय, खात्याचे काय, कोणाचाही अंदाज तारखेसह लिहून ठेवावा आणि नंतर त्याच्याशेजारी प्रत्यक्ष पडलेला पाऊस मांडावा. खाते स्वतःच्या चुका मोजून प्रसिद्ध करते. वादळाच्या मार्गाचा चोवीस तास आधीचा अंदाज आता सरासरीने सत्तर-ऐंशी किलोमीटरने चुकतो, हे त्याच्याच अहवालांवरून कळते. चूक किती हे सांगणारा अंदाज आणि चूक कधीच कबूल न करणारा अंदाज यांतील भेद ज्या मुलाने स्वतः टिंबे मांडली आहेत, त्याला कोणी शिकवावा लागत नाही.

म्हणून प्रस्तुत लेखकाची मागणी मर्यादित आहे. जिल्ह्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पर्जन्यमापक असावे. साधे प्लॅस्टिकचे काही शे रुपयांत मिळते. ते झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवावे. वाचन सकाळी साडेआठ वाजता घ्यावे, कारण खात्याची वेळ तीच आहे, आणि वेळ जुळली नाही तर आकडे जुळत नाहीत. वही एका शिक्षकाच्या ताब्यात असावी, पाने क्रमांकित असावीत, आणि महिनाअखेर तिची प्रत तहसील कार्यालयात जावी. तेथे या वहीला पुरावा म्हणून नव्हे, तरी निदान फेरतपासणीचे कारण म्हणून स्थान मिळावे, असा आदेश शासनाने काढावा. त्यास विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही.

अडचण खरी एकच दिसते. आपला मोठा पाऊस ऑक्टोबरात येतो आणि दिवाळीची सुटीही पुष्कळदा त्याच सुमारास लागते. शाळेला कुलूप असताना वाचन कोण घेणार? शाळेजवळ राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या घरी आळीपाळीने ते यंत्र सुटीपुरते न्यावे, हा उपाय सोपा वाटतो. परंतु जागा बदलली की नोंदीचे सातत्य मोडते. तेव्हा यंत्र शाळेच्या आवारातच राहू द्यावे आणि फाटकाची किल्ली त्या मुलांकडे द्यावी.